उंबरठा आणि अंगण : शिशुशिक्षणाच्या मराठी इतिहासातील एक प्रश्न

चेन्नईच्या गिंडी भागातील राखीव रानापासून पूर्वेकडे, अड्यार नदी समुद्राला मिळते तेथे, थिऑसॉफिकल सोसायटीची विस्तीर्ण वसाहत आहे. अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून १९३९ च्या अखेरीस मारिया माँटेसोरी येथे आल्या आणि शिक्षकांचा पहिला भारतीय प्रशिक्षणवर्ग त्यांनी याच परिसरात घेतला. १९४० साली इटली युद्धात उतरल्यावर त्यांचे पुत्र मारिओ यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगर येथे स्थानबद्ध करण्यात आले. आई अड्यारला व मुलगा नगरला, ही ताटातूट त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर, मारियाबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास संपली. बालकाच्या मनाचा विचार करण्यात आयुष्य वेचलेल्या स्त्रीच्या वाट्याला हे यावे, हा योगायोग चरित्रकारांना मोह घालणारा आहे; परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ताटातूट वेगळी, शाळेच्या दाराशी रोज सकाळी घडणारी आहे.

पंतोजींच्या शाळेने या ताटातुटीचा विचार केलाच नव्हता. धूळपाटीवर अक्षरे गिरवून मुलाचा शाळाप्रवेश होई. जो मूल हट्ट धरी, त्याला थोराड विद्यार्थी उचलून आणीत. रडणे हा मुलाचा दोष मानला जाई. माँटेसोरींनी १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेंझो वस्तीत काढलेल्या संस्थेला ‘शाळा’ न म्हणता ‘बालकांचे घर’ म्हटले, यातच या समजुतीला छेद होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला स्थापिलेले ‘बालमंदिर’ आणि पुढे ताराबाई मोडकांनी दादरला चालविलेले ‘शिशुविहार’, ही नावेही शाळा हा शब्द टाळतात. नावांतील हा संकोच केवळ शब्दांचा नव्हता. लहान खुर्च्या, हाताला येईल असे साहित्य, मुलाच्या गतीने चालणारे काम, यांतून अनोळखी जागा ओळखीची करण्याचा तो प्रयत्न होता. तथापि घरातून बाहेर पडण्याचे पाऊल अजून मुलानेच उचलायचे होते.

ही मर्यादा १९४५ नंतर बोर्डी येथे उघड झाली. ताराबाईंनी तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीकडे फिरकेनात. मुलांना घाबरट किंवा पालकांना अज्ञानी ठरविणे सोपे होते. ताराबाईंनी ते केले नाही. बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, शिंपले, बिया, खडे, पाने हाती द्यायची आणि गाणी म्हणायची, असा क्रम ठरला. आई चुलीपाशी दिसत असे, तिचा आवाज ऐकू येत असे. विरहाचा प्रसंगच उरला नाही. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कृतीतून जन्मला. माँटेसोरींचे महागडे साहित्य वगळल्याबद्दल शुद्धतावाद्यांची नाराजी समजण्याजोगी असली, तरी वस्तीतल्या गरजेपुढे ती फार टिकणारी नव्हती.

१९५७ मध्ये कार्य कोसबाडला गेल्यावर ताराबाई व अनुताई वाघ यांना आणखी एक गाठ सोडवावी लागली. वारली घरांत थोरली बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरे. ती शाळेत आली तर तान्ह्याचे काय? विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून हा पेच सोडविला गेला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्याला ओळखीचा चेहरा समोर मिळाला आणि थोरलीला पाटी मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला. तमिळमध्येही तो रूढ झाला. त्यामुळे माँटेसोरींनी जेथे शिकविले त्या अड्यार-गिंडी परिसरातील केंद्रांनाही बोर्डीचे नाव लागले. शब्द पोहोचला, अंगण मात्र सर्वत्र पोहोचले नाही. दाट वस्तीत केंद्र म्हणजे बहुधा एक खोली असते. त्या खोलीच्या उंबरठ्यावर तीन वर्षांचे मूल आईचा पदर धरून उभे राहते, आणि सेविकेला त्याला आत घ्यायचे असते.