सीझरची घरगुती पत्रं

गुप्तलेखनाचा इतिहास सांगताना ज्युलियस सीझरला हमखास सेनापतीच्या वेशात उभं करतात. प्रत्येक अक्षराऐवजी पुढचं तिसरं अक्षर लिहायचं आणि हुकूम आघाडीवर धाडायचे! पण ही युक्ती ज्याच्यामुळे आपल्याला कळली तो रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो, की सिसेरोला आणि जवळच्या माणसांना घरगुती बाबींविषयी लिहिताना काही झाकायचं असलं, तर सीझर अशी अक्षरं वापरी. गॉलमध्ये वेढ्यात सापडलेल्या सिसेरोच्या भावाला, क्विंटसला, मात्र त्यानं ग्रीक अक्षरांत पत्र धाडलं, असं सीझर स्वतःच नोंदवतो.

हे वाचल्यापासून माझं मत पक्कं झालं आहे. एन्क्रिप्शन मुळात फौजेचं आणि सामान्य माणसाच्या हाती उशिरा आलं, ही समजूत चुकीची आहे. त्याचं माहेर खासगी पत्रव्यवहारातच आहे.

आपल्याकडचा पुरावाही तेच सांगतो. वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत गुप्तलेखन आहे. त्यावरच्या ‘जयमंगला’ टीकेत यशोधरानं ‘मूलदेवीय’ रीत दिली आहे. तिच्यात अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या: अ-क, ख-ग, च-ट, त-प, न-म, य-श, ल-स. ‘चल’चं ‘टस’ होतं, ‘नयन’चं ‘मशम’. तोच नियम पुन्हा लावला की मूळ शब्द हाती येतो.

यावर कोणी म्हणेल, अर्थशास्त्रातले हेरही सांकेतिक लिपी वापरत आणि जयमंगलेतली दुसरी रीत तर ‘कौटिलीय’ म्हणवते. म्हणजे ही विद्या दरबारातूनच घरात आली. मला हे पटत नाही. टीका मूळ ग्रंथानंतर कित्येक शतकांनी लिहिलेली. तेवढ्या काळात एखाद्या रीतीला कौटिल्याचं वजनदार नाव चिकटणं अगदी सहज. आणि मूलदेव तर कथांमधला धूर्त नायक, त्याचा कुठल्या राजाच्या हेरखात्याशी काय संबंध?

महानुभावांची सकळ लिपीही दरबाराबाहेरचीच. चौदाव्या शतकापासून पंथानं आपले ग्रंथ तिच्यात राखले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यामुळे ती बाहेरच्या अभ्यासकांना उलगडली. पण एकदा किल्ली कळली आणि त्या लिपीतल्या पोथ्यांची सगळी कपाटं उघडली. एकाच सामायिक किल्लीचं हे जुनं दुखणं.

त्यावर उपाय निघाला 1976 साली. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जाहीर किल्ली आणि खासगी किल्ली वेगळ्या करण्याची कल्पना मांडली. डिफीनं डेव्हिड कान यांचा 1967चा ‘द कोडब्रेकर्स’ हा ग्रंथ बारकाईनं वाचला होता, आणि त्या ग्रंथात कामसूत्रातली ही कलाही नोंदलेली आहे! वात्स्यायनापासून डिफीपर्यंतचा हा धागा मला फार मोलाचा वाटतो. किल्ल्या तिसऱ्याच कुणाकडे राहिल्या तर चोर किंवा सरकार त्या काढून घेईल, ही डिफीची चिंता होती.

पुढे 1991 साली फिल झिमरमन यांनी पीजीपी हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. एन्क्रिप्शनवरची अमेरिकेची निर्यातबंदी मोडल्याच्या संशयावरून त्यांची चौकशी झाली. 1996 साली ती आरोपाविना बंद पडली.

भारतात 2021च्या नियमांनुसार मोठ्या संदेशसेवांनी आदेश आल्यास संदेश प्रथम पाठवणारा शोधून द्यायचा आहे. त्यासाठी एन्क्रिप्शन मोडावं लागेल, असं म्हणत व्हॉट्सॲपनं याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 2017 सालीच सांगितलं आहे. तेव्हा आपलं बोलणं का झाकता, याचा जाब नागरिकाला विचारू नये. ते का उघडायचं, हे सरकारनं प्रत्येक वेळी सिद्ध करावं.