साथ एकच, मृत्युदर वेगळे: मुंबई १९१८ ते शिरूर कासार

१/ १९१८च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीत मुंबईतील युरोपीय रहिवाशांत दर हजारी ८.३ मृत्यू झाले. पारशी समाजात हा दर ९ होता. सरकारी नोंदींनी ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटले, त्यांच्यात तो ६१.६ होता. शहर तेच, साथ तीच. मग सातपट अंतर कोठून आले? या उत्तराचा माग बीड जिल्ह्यातील शिरूर कासारपर्यंत जातो.

२/ जूनमध्ये गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने फणफणले आणि पहिली लाट शहरात पसरली. सप्टेंबरातील दुसरी लाट कितीतरी घातक ठरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी ७६८ मृत्यूंची नोंद झाली. विशेष म्हणजे ही साथ २० ते ४० वयाच्या धडधाकट माणसांनाही मोठ्या संख्येने ओढून नेत होती.

३/ बहुतेक बळी गेले ते विषाणूच्या पाठोपाठ फुप्फुसांत शिरलेल्या जिवाणूंमुळे, म्हणजे न्यूमोनियाने. प्रतिजैविके तेव्हा नव्हतीच. आधार तिहींचाच: विश्रांती, सकस अन्न आणि शुश्रूषा करणारे माणूस.

४/ हे तिन्ही सर्वांना सारखे लाभत नव्हते. बंगल्यात रुग्णासाठी स्वतंत्र खोली होती. कामगार वस्त्यांत बहुसंख्य कुटुंबांचा सारा संसारच एका खोलीत. रोज बुडाला तर चूल थंड, म्हणून अंगात ताप घेऊन कामावर जाणे आले. जातीमुळे कोणाचे रक्त वेगळे झाले नव्हते. माणसाने कोठे राहावे, कोणते काम करावे आणि काय खावे, हे मात्र जातीने ठरवले होते.

५/ त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि महायुद्धाच्या काळात धान्य महागले. अर्धपोटी शरीरांवर आजार कोसळला. देशातील मृतांचे अंदाज सुमारे १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक दगावल्या. घरातल्या आजाऱ्यांचे करायचे तिने आणि उरलेसुरले खायचेही तिनेच, हे त्याचे एक कारण मानले जाते.

६/ आता शतकभर पुढे येऊ. सिंदफणेच्या काठचे शिरूर कासार आणि त्याचा तालुका पर्जन्यछायेत येतो. दिवाळीच्या सुमारास येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडेपर्यंत फड सुटत नाही.

७/ फडाजवळच्या कोपीत शौचालय नसते, स्वच्छ पाणीही क्वचितच. पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहाव्या लागतात. अशाने मूत्रमार्गाचे व जननमार्गाचे संसर्ग बळावतात. दवाखाना गाठावा तर ‘खाडा’ पडतो: त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंड बसतो. मग दुखणे अंगावर काढले जाते.

८/ त्याचा एक परिणाम २०१९मध्ये जगासमोर आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या चौकशीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

९/ या साऱ्याच शस्त्रक्रिया संसर्गामुळे झाल्या, असे नव्हे. काहींना कर्करोगाची भीती घालण्यात आली, काही लवकर झालेल्या बाळंतपणांनी थकल्या होत्या. पण औषध, स्वच्छ पाणी आणि चार दिवसांची विश्रांती यांवर आटोक्यात येऊ शकणारी दुखणीही शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचली. प्रतिजैविके आता गावोगावी मिळतात. ती घेऊन पडून राहण्याची मुभा मात्र मिळत नाही.

१०/ म्हणून साथीचा इतिहास वाचताना विषाणूचे नाव कळले की थांबू नका. आजारी माणसाला एक दिवस घरी राहण्यासाठी काय किंमत मोजावी लागत होती, तेही शोधा. १९१८च्या चाळीत ती रोजच्या मजुरीत मोजली जाई. आजच्या फडात तिला खाडा म्हणतात.

(समाप्त)