जुन्या यंत्रांत जात्यावरची ओवी

भीमा नदीवर माढा तालुक्यांतील उजनी येथें बांधलेलें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि करमाळा, इंदापूर इत्यादि तालुक्यांतील कित्येक गांवें यशवंतसागराच्या पाण्याखालीं गेलीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ पुन्हां दृष्टीस पडतें. परंतु पहांटेच्या वेळीं जात्याच्या घरघरीबरोबर जे गळे त्या घरांतून ऐकूं येत, ते पाणी कितीहि आटलें तरी वर येत नाहींत. धरणालाच सारा दोष देणें मात्र न्यायाचें नव्हे. पिठाच्या गिरणीनें तेंच काम महाराष्ट्रभर, पाण्याचा थेंबहि न वापरतां, केलें आहे.

गळा उरतो तो कोणीं टिपून ठेवला तरच. पुण्यांत राहून हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ या दोघांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील हजारावर गांवांतून एक लाखांहून अधिक ओव्या जमविल्या. १९९० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें त्यांपैकीं सुमारें १२० तासांचें ध्वनिमुद्रण झालें, आणि ‘पारी’ या संस्थेनें २०१७ पासून तें लोकांपुढें आणण्यास प्रारंभ केला.

अशा संग्रहांतील एखादी ओवी जुन्या सॅम्पलरवर घ्यावी असें एखाद्या संगीतकाराच्या मनांत आलें, तर त्या बाईचा आवाज तिचाच राहील काय? सॅम्पलर म्हणजे आवाजाचा तुकडा आपल्या स्मृतींत घेऊन तो पट्ट्या दाबतांच हव्या त्या स्वरांत वाजविणारें यंत्र. त्याचें मूळ अॅलेक रीव्ह्ज यांच्या १९३७ च्या सुमारास सुचलेल्या कल्पनेंत आहे: ध्वनीची लहर ठराविक अंतरानें मोजावी आणि लहरीऐवजीं ते आंकडेच पुढें पाठवावेत. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांत फेअरलाइट हें यंत्र निघालें. तें सामान्य वादकाच्या ऐपतीबाहेरचें होतें. पुढें १९८७ मध्यें अमेरिकेंतील ई-म्यू कंपनीचें एसपी-१२०० व १९८८ मध्यें जपानी आकाई कंपनीचें एस-१००० हीं यंत्रें आलीं, आणि आजहि पुष्कळ वादक तीं जपून वापरतात.

आंकड्यांची नक्कल करण्यांत कांहींच गमावत नाहीं. आकाईला संगणकावरील धारिका जशीच्या तशी वाचतां येत नाहीं, तिचें वेष्टन बदलून द्यावें लागतें. पण वेष्टन बदलल्यानें आंतील धान्य कमी होत नाहीं. तोटा होतो तो माप बदलतांना. एस-१००० दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजतें व प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या शिडीवर बसवितें. एसपी-१२०० सेकंदास सुमारें २६,००० वेळांच मोजतें आणि त्याच्या शिडीला पायऱ्या अवघ्या ४,०९६. मोजणीच्या निम्म्याहून वरचे कंप कोणत्याहि यंत्रास धरतां येत नाहींत. तेव्हां ‘स’, ‘श’ यांची सळसळ व दगडाची बारीक खरखर यांतील वरचा भाग आधींच गाळून घ्यावा लागतो. न गाळल्यास तोच भाग खोटा स्वर होऊन खालीं उतरतो. आवाज फार मंद भरला तर वरच्या पायऱ्या रिकाम्या पडतात, म्हणून ओवींतील सर्वांत मोठा क्षण शिडीच्या माथ्याजवळ आणून ठेवावा. कांहीं रसिकांना या यंत्राचा खडबडीतपणाच प्रिय असतो, ही गोष्ट निराळी.

धारिका यंत्रांत न्यावयाच्या वाटा अनेक आहेत. साध्या तारेनें वाजवून भरली तर आंकड्यांची लहर होते, लहरीचे पुन्हां आंकडे होतात, आणि मधल्या प्रवासांत विजेची गुणगुण मिसळते. मिडीच्या तारेनें आंकडे थेट जातात, पण किती सावकाश! श्रोत्यांनीं हिशेब करून पाहावा: त्या तारेंतून सेकंदास ३१,२५० बिट जातात, म्हणून एका सेकंदाचा एकपदरी आवाज पोंचण्यास सुमारें पाऊण मिनिट लागतें. आकाईची फ्लॉपी १८ सेकंदांतच भरते. अलीकडे फ्लॉपीच्या जागीं पेन ड्राइव्ह घेणारी पेटी बसवितात. तीच वाट सोयीची.

खरी फसगत निराळ्याच ठिकाणीं होते. १९९० नंतरच्या दशकांत रूढ असलेल्या डॅट फितीवर बहुधा सेकंदास ४८,००० मापें घेत. तीं आहेत तशीं ४४,१०० च्या यंत्रास दिलीं, तर मिनिटाची ओवी ६५ सेकंद चालते आणि काळी एकमध्यें गायिलेली ओवी पांढरी एकच्याहि खालीं जाते. गाणारी तरुण असेल तर ती प्रौढ वाटूं लागते, आणि जात्याची गति मंदावते. ऐकणाऱ्यास यांत कांहीं बिघडलें आहे असें वाटतहि नाहीं; म्हणून हा दोष खरखरीपेक्षां वाईट. १६० मापांच्या जागीं १४७ मापें नव्यानें काढण्याचें हें गणित संगणकावर, चांगल्या साधनानें, यंत्रांत घालण्यापूर्वींच करावें, आणि तें प्रतीवर करावें.

मूळ धारिकेस हात लावूं नये याचें कारण या यंत्रांच्या घडणींतच आहे. एस-१००० ची मूळची स्मृति फक्त २४ सेकंदांच्या एकपदरी आवाजापुरती असून यंत्र बंद करतांच ती पुसली जाते. दुसऱ्या दिवशीं तीच ओवी वाजवावयाची तर ती पुन्हां बाहेरूनच आणावी लागते.