उंबरखिंड, बोरघाट आणि गेमिंग पीसी : जोडी जमण्याचा इतिहास

१/ गेल्या दिवाळीत खोपोलीच्या माझ्या मामेभावाने दोन वर्षे पगारातून बाजूला टाकलेले पैसे मोडून एक दमदार ग्राफिक्स कार्ड घेतले आणि आठ वर्षे जुन्या संगणकात बसवले. खेळ मात्र पूर्वीसारखाच अडखळत राहिला. रात्री त्याचा फोन आला : "ताई, कार्ड नकली तर नाही ना दिलं?"

२/ कार्ड अस्सल होते. जोडी जमली नव्हती. मी इतिहासाची विद्यार्थिनी. पण तो राहतो त्या कर्जत-खालापूरच्या टापूत हाच प्रश्न गेल्या साडेतीनशे वर्षांत तीनदा उभा राहिला आहे : एकदा खिंडीत, एकदा घाटात आणि एकदा पाण्याच्या नळात. आजचा थ्रेड त्या तीन प्रसंगांविषयी.

३/ आधी प्रश्न नीट मांडू. खेळातील प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोन हातांतून जाते. शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कोसळली का, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय रेखाटायचे याच्या आज्ञा ग्राफिक्स कार्डाला देतो. कार्ड त्यावरून पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवते. कार्ड एक फ्रेम रंगवीत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करतो. त्यामुळे दोघांत जो संथ, त्याच्याच गतीने खेळ चालतो.

४/ समजा, एका फ्रेमसाठी प्रोसेसरला २० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ८. कार्ड एकटे सेकंदाला १२५ फ्रेम काढू शकले असते, पण प्रोसेसर ५० फ्रेमचीच तयारी करून देतो. पडद्यावर ५०च दिसतात. आता ४ मिलिसेकंदांचे, अधिक महागडे कार्ड आणा. उत्तर पुन्हा ५०. वाढला तो फक्त कार्डाचा रिकामा वेळ. यालाच 'बॉटलनेक' म्हणतात. कामाचा एकच भाग कितीही वेगवान केला, तरी उरलेला भाग एकूण वेगाला मर्यादा घालतो, हा विचार जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडला.

५/ बाटलीच्या या अरुंद मानेला आपल्याकडे फार जुना शब्द आहे : खिंड.
फेब्रुवारी १६६१. शायिस्ताखानाने कोकणावर पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन सह्याद्री उतरत होता. सोबत माहूरची रायबागन होती. लोणावळ्याच्या बाजूने उतरून ही फौज आजच्या खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिरली.

६/ दोन्ही अंगांना डोंगर आणि दाट रान, मधून चिंचोळी वाट. शिवाजी महाराजांचे सैन्य संख्येने कमी होते, पण त्यांनी जागा अशी निवडली की शत्रूची संख्याच निरुपयोगी ठरावी. खिंडीत एका वेळी जेवढे शिपाई लढू शकतात तेवढेच लढणार. बाकीचे मागे नुसते उभे. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि सारे सामान टाकून वाट मागून घेतली. माझ्या भावाचे कार्ड म्हणजे खिंडीत खोळंबलेले ते मागचे शिपाई. सामर्थ्य होते, पुढे यायला वाट नव्हती.

७/ मग प्रोसेसर बदलला की प्रश्न संपला? तसेही नाही. खिंड नेहमी एकाच ठिकाणी नसते. कामाप्रमाणे ती जागा बदलते. हा धडा बोरघाटाच्या रेल्वेने दिला.

८/ १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले. आजची कर्जत-खोपोली लोकल हा त्याच मार्गाचा वारसा. १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र मोकळाच होता. प्रवाशांनी खोपोलीला उतरायचे, पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडी धरायची. दोन्ही टोकांना वाफेचे इंजिन, पण प्रवासाचा वेळ ठरवत होती ती पालखी.

९/ १८६३ साली घाटातील मार्ग पूर्ण झाला. सुमारे १६ मैलांत १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि सर्वांत खड्या जागी ३७ फुटांत १ फूट चढ. या कामात पटकी, ताप आणि अपघातांनी हजारो मजुरांचे प्राण घेतले; त्यांतल्या बहुतेकांची नावेही उरली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच अल्पावधीत वारला. पुढचे काम त्याची पत्नी ॲलिस हिने पुरे करवून घेतले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले १८६२ मध्येच गेला. घाटातून धावणारी गाडी त्याने पाहिली नाही.

१०/ एवढी किंमत मोजून मधली तूट बुजली, पण अडचण संपली नाही. ती इंजिनावर येऊन बसली. कल्याणहून कर्जतपर्यंत जी गाडी एक इंजिन सहज ओढून आणते, तीच गाडी घाटात त्याला झेपत नाही. इंजिन तेच, डबे तेच. बदलला तो फक्त चढ.

११/ उत्तर कर्जत स्थानकात आजही पाहता येते. पुण्याकडे निघालेल्या गाडीच्या मागे 'बँकर' इंजिने जोडली जातात. तेवढ्या वेळात प्रवासी बटाटावडा खाऊन घेतात. बँकर गाडीला मागून रेटत घाटमाथ्यावर नेतात आणि वर सुटे होऊन परत खाली येतात. जादा ताकद मुंबईपासून पुण्यापर्यंत वागवण्याचे कारण नाही; चढ जिथे आहे तिथेच ती लावायची.

१२/ गेमिंग पीसीतला चढ म्हणजे रिझोल्यूशन आणि चित्राचा दर्जा. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात; ३८४० × २१६० म्हणजे फोर-केवर सुमारे ८३ लाख, चौपट. ठिपके वाढले की कार्डाचे काम भरमसाट वाढते. प्रोसेसरचा हिशेब जवळपास तेवढाच राहतो. म्हणून तीच जोडी कमी रिझोल्यूशनच्या वेगवान स्पर्धात्मक खेळात प्रोसेसरपाशी अडते, तर फोर-केवरच्या भव्य दृश्यांत कार्डापाशी. 'हा प्रोसेसर या कार्डाला पुरेल का?' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणत्या चढावर?' हेही विचारायला हवे.

१३/ ग्राफिक्स कार्ड स्वतःच एका अर्थाने बँकर आहे. घरगुती संगणकांत आकृत्यांचे कोन फिरवण्याची आणि प्रकाशाची गणिते पूर्वी बहुधा प्रोसेसरच करी. १९९९ साली आलेल्या एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ ने हा भार स्वतःवर घेतला आणि 'जीपीयू' हे नाव रूढ झाले. पण बँकर कितीही ताकदवान असला तरी गाडी हाकतो पुढचाच चालक. तो थांबला की मागचाही थांबतो.

१४/ घाटातला पुढचा अडथळा होता रिव्हर्सिंग स्टेशन. तिथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जाई आणि मग गाडी उलट दिशेने चढू लागे. इंजिन किती डबे ओढेल हा प्रश्न दुय्यम. त्या जागेत बसेल एवढीच गाडी लांब असू शकत होती. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मार्ग बदलून हा टप्पा वगळला गेला, १५०० व्होल्टची वीज आली, वळणांवर सांध्यात वाकणारी, 'खेकडा' म्हणून ओळखली जाणारी स्विस बनावटीची इंजिने आली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावली. रूळ, वीज आणि इंजिन मिळून बदलले, तेव्हा गती आली. पीसीतही नवा प्रोसेसर अनेकदा नवा मदरबोर्ड आणि नवी रॅम मागतो. मोठे कार्ड सक्षम पॉवर सप्लाय मागते. खरेदीचा हिशेब या सगळ्यांसह करावा.

१५/ तिसरा प्रसंग माझ्या भावाच्या गावातलाच. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली नळांतून आणले गेले. पाणी बेताचे, दाब प्रचंड. म्हणून वाटीसारख्या पात्यांवर पाण्याची धार घेणारे पेल्टन चक्र निवडले. संथ, रुंद नदीवरचे चक्र इथे कुचकामी ठरले असते. पाऊस चार महिने आणि मुंबईच्या गिरण्यांची मागणी बारा महिने, म्हणून मध्ये तलावांचा साठा. 'सर्वोत्तम चक्र' अशी वस्तू नसते. त्या धबधब्याला आणि त्या गिरणीला साजेसे चक्र असते.

१६/ आता तुमची खिंड कुठे आहे, हे पैसे खर्च करण्याआधी असे तपासा. खेळाचे रिझोल्यूशन कमी करा. फ्रेम वाढल्या, तर कार्ड कमी पडत होते. जैसे थे राहिल्या, तर बहुधा प्रोसेसर. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर ते पूर्ण राबते आहे. प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नका : एकच कोअर पूर्ण दमलेला असतो आणि एकूण आकडा ३० टक्के दिसतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रे दाखवतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

१७/ आम्ही फोनवरच ही परीक्षा घेतली. रिझोल्यूशन उतरवले, फ्रेम हलल्या नाहीत. मग उलट केले. चित्राचा दर्जा वाढवून रिकाम्या कार्डाला काम दिले, खेळातली गर्दी आणि दूरवरच्या वस्तू कमी करून प्रोसेसरचा भार उतरवला, आणि फ्रेमची मर्यादा त्याला झेपेल एवढीच ठेवली. अडखळणे बरेच थांबले. एक रुपयाही लागला नाही. कार्ड तोट्यात विकायचा त्याचा बेत रद्द झाला. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅमसाठी तो पुन्हा पैसे साठवतो आहे.

१८/ परवा त्याचा निरोप आला : "ताई, कर्जतला गाडीला मागून इंजिन लावताना पाहिलं. लहानपणापासून बघतोय, पण का लावतात ते आत्ता कळलं."
तुमच्या गावाजवळ अशी कोणती खिंड, कोणता घाट आहे? खाली जरूर लिहा. थ्रेड आवडला, तर नवा पीसी घेऊ पाहणाऱ्या मित्रापर्यंत पोहोचवा.