रुरकी खुर्ची

सुटे भाग जुळवून उभी करायची, चामड्याची किंवा कॅनव्हासची बैठक असलेली छावणीतली खुर्ची. ब्रिटिशकालीन हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ. नाव रुरकीवरून (आता उत्तराखंड) पडले. बंगाल सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे ठाणे तिथे 1853 पासून आहे, आणि 1847 साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालयही तिथलेच. मूळ आराखडा कोणाचा याबद्दल एकमत नाही. बोअर युद्धात (1899–1902) सैन्याला हलके सामान हवे झाले, तेव्हा जुन्या जड छावणी-फर्निचरच्या जागी अशा खुर्च्यांना मागणी आली.

रचना : चार कातीव पाय व चार आडवे दांडे. दांड्यांची निमुळती टोके पायांतल्या तशाच निमुळत्या भोकांत नुसती बसवतात. सरस नाही, खिळा नाही. चामड्याची बैठक दोन्ही बाजूंच्या दांड्यांवरून ताणलेली असते. माणूस बसला की ते दांडे आत ओढले जातात आणि पुढचे-मागचे सांधे आणखी आवळतात. सांधे थोडे हलते असल्याने उंचसखल जमिनीवरही चारही पाय टेकतात. पाठ दोन बोल्टांवर फिरते, हात टेकायला चामड्याच्या वाद्या असतात. सगळे सोडले की एक गुंडाळी होते.

चामडे : फर्निचरच्या इतिहासांत सगळे लक्ष सांगाड्याकडे जाते, या खुर्चीची पुढची वाटचाल मात्र चामड्याच्या ताणाला आवर घालण्याची आहे. कातडे सगळीकडे सारखे नसते. कण्यालगतचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल; म्हणून भार पेलणारी वादी पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने कापतात. कमावण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. वनस्पतिज सालींनी कमावलेले जाड चामडे ताठ राहते आणि त्याची कड अस्तराविना उघडी ठेवता येते. क्रोमने कमावलेले मऊ असते, पण अशा टांगत्या बैठकीत लवकर झोळ धरते. कोल्हापूर, निपाणी, अथणी भागातले चपलांचे चामडे बाभळीची साल व हिरडा वापरून कमावतात, ते पहिल्या जातीचे. दमट हवेत चामड्याला बुरशी येते, सह्याद्रीतल्या कॅसलरॉकसारख्या मुसळधार पावसाच्या जागी तर हमखास. कोरड्या फडक्याने पुसून वारा द्यावा आणि तेल बेताने लावावे. तेल जास्त झाले तर वादी लोंबते.

लाकूड : साग, महोगनी, ॲश. साग वाळवीला सहसा दाद देत नाही आणि लोखंडी बोल्टाभोवती ओकसारखा काळा पडत नाही. उत्तर कानडा जिल्ह्यातला जोयडा (पूर्वीचा सुपा) तालुका आणि दांडेलीची जंगले सागासाठी प्रसिद्ध.

पुढील रूपे : मार्सेल ब्रॉयरच्या 1925 च्या पोलादी नळ्यांच्या खुर्चीत ताणलेल्या पट्ट्या आहेत, त्या आधी कापडाच्या होत्या, आज ओळखीचे झालेले चामडे नंतर आले. ल कॉर्ब्यूझिए, पिएर जानरे व शार्लोत पेरियां यांच्या 1928 च्या खुर्चीत फिरती पाठ आणि हातांच्या जागी चामडी पट्टे आहेत. तिचे मूळ वसाहतीतल्या छावणी-खुर्चीत असल्याचे अनेकदा म्हटले जाते, आणि रूप पाहता ते पटते. डेन्मार्कच्या कोर क्लिंटची ‘सफारी’ (1933) मात्र सरळसरळ रुरकीच आहे: ॲशचा सांगाडा, जोडणी तीच, प्रमाणे अधिक रेखीव. बोर्गे मॉगेन्सनची 1958 ची ‘स्पॅनिश’ खुर्ची वेगळ्या, स्पेनच्या परंपरेतली आहे. सांगाडा ओकचा व पक्का, हात रुंद. तरी ती इथे नोंदवायला हवी. तिची बैठक जाड खोगिरी चामड्याची असून खाली बक्कले आहेत. वर्षे गेली, चामडे सैलावले, की मालकाने पुढच्या भोकात बक्कल घालायचे. चामडे ताणणारच, हे त्या आराखड्याने आधीच धरलेले आहे.

सद्यःस्थिती : ‘सफारी’चे उत्पादन डेन्मार्कमध्ये चालू. रुरकी हौशी सुतारांकडून बनते.