फिरंगी धोत्रा

बांधावर, पडीक रानात, नदीच्या मळईत पिवळ्या फुलांचं काटेरी झाड दिसतं. आमच्याकडं त्याला पिवळा धोत्रा म्हणतात, कुठं फिरंगी धोत्रा. नावातच त्याचं मूळ आहे. हे झाड मेक्सिकोकडचं. समुद्र ओलांडून आलं आणि इथलंच होऊन बसलं. पानावर पांढऱ्या शिरा, बोंडाला काटे, देठ मोडला की पिवळा चीक. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

उभ्या झाडाला कुणी मोहरी म्हणणार नाही. घोटाळा होतो तो बियांत. बोंड तडकलं की आत काळं, बारीक, गोल बी, थेट मोहरीच. तळहातावर घेऊन निरखलं तर कळतं, मोहरी गुळगुळीत आणि हे बी खरबरीत, जाळीदार. पण घाण्यात गेल्यावर निरखायचं काय?

1877 साली कलकत्त्यात माणसांच्या पायांवर सूज चढू लागली, धाप लागू लागली, माणसं दगावली. बंगालचा स्वयंपाक मोहरीच्या तेलावरचा. तरी पुढं कित्येक वर्षं आळ तांदळावर होता. 1926 च्या सुमाराला बोट तेलाकडं वळलं आणि तेलातून धोत्र्याच्या बियांकडं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं रोग ताटात होता आणि शोध दुसरीकडं चालला होता.

एवढं कळूनही 1998 साली दिल्लीत तेच झालं. साठाच्या वर माणसं गेली, हजारो आजारी पडली. तेलात धोत्र्याची भेसळ निघाली. मग सुट्या तेलावर बंदी आली. सुटं तेल घेतो कोण? रोजच्या मजुरीतून रोजचं पावशेर आणणारा. मार बसला तो त्यालाच.

आपल्याकडं मोहरी फोडणीपुरती, तेल शेंगदाण्याचं नाहीतर करडईचं. म्हणून आपण बरेचसे वाचलो. त्यात शहाणपण आपलं नव्हे, चव आपली.

धोत्रा आणि मोहरी पिकतात एकाच हंगामात, आणि चाळणीतून दोन्ही सारखीच खाली पडतात. तेव्हा हे निवडायची जागा खळं नव्हे, रान. पिवळं फूल दिसलं की बोंड धरायच्या आत मुळासकट उपटावं. काटे टोचतात, टोचू द्यावेत. झाड रानात आहे तोवर स्वतःच ओळख सांगतं. बाटलीत गेलं की ते मुकं होतं.