गवताच्या गावातली बेगमी

लंडनच्या मार्बल आर्चपासून निघालेला एजवेअर रोड जवळजवळ सरळ रेषेत वायव्येकडे जातो आणि आठेक मैलांवर एजवेअर गाठतो. रस्ता रोमनांच्या काळातला, वॉटलिंग स्ट्रीट. गाव ओलांडलं की चढण लागते, ती ब्रॉकली हिलची. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत या टेकडीवर कुंभारांच्या भट्ट्या पेटत होत्या आणि तिथला नावाजलेला माल होता स्वयंपाकघरातला खल. जाड काठाचं, एका बाजूला चोच काढलेलं पसरट मातीचं भांडं. वाटण नीट व्हावं म्हणून आतून बारीक खडे रुतवलेले. मातुगेनस, दोइनस अशा कुंभारांनी काठावर आपल्या नावांचे शिक्के उमटवले. त्यामुळे इथले खल ब्रिटनमध्ये दूरच्या रोमन वस्त्यांत सापडले, तरी ते या टेकडीचे म्हणून ओळखता येतात.

एजवेअरच्या खाद्यइतिहासाची सुरुवात अशी एका भांड्यापासून होते, आणि ते भांडंही दुसऱ्यांच्या घरी जाण्यासाठी घडवलेलं. गावात तयार होणारी वस्तू गावाबाहेर जाणार, हा क्रम पुढेही दीर्घकाळ टिकला.

तुलनेसाठी ग्रामीण फ्रान्सचा कुठलाही मुलूख घ्या, त्याला स्वतःचा म्हणून एखादा पदार्थ असतोच. दक्षिणेतल्या रोकफोर गावच्या गुहांत मेंढीच्या दुधाचं चीज मुरतं. त्या गुहांचा हक्क १४११ साली राजा सहाव्या चार्ल्सने गावाला बहाल केला, १६६६ मध्ये तुलूझच्या न्यायपीठाने नकली मालावर बंदी घातली आणि १९२५ मध्ये त्या नावाला कायद्याचं कवच मिळालं. गॅस्कनीत बदकाचं मांस मीठ लावून त्याच्याच चरबीत शिजवतात आणि चरबीतच बुडवून महिनोन्‌महिने ठेवतात. तिथलीच आर्मान्याक ही द्राक्षाची दारू लाकडी पिंपात वर्षानुवर्षं पडून राहते. तिन्हींमागे कारण एकच: बाजारपेठ लांब. ताजं दूध पॅरिसला पोचणार नव्हतं, म्हणून त्याचं चीज झालं. वाइनची वाहतूक अवजड पडत होती, म्हणून तिचा अर्क काढला गेला. लांबच्या गावांना बेगमी करावी लागली आणि त्या बेगमीतून त्यांच्या नावाचे पदार्थ जन्मले.

एजवेअरचं नेमकं उलट झालं. ज्या मिडलसेक्स परगण्यात हे गाव होतं, तो लंडनला खेटून. चिकणमातीची जड जमीन, गहू बेताचा, गवत मात्र भरघोस. त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या भागाने लंडनच्या घोड्यांना जगवलं. बग्ग्या, मालगाड्या आणि पुढे घोड्यांच्या बसगाड्या या सगळ्यांचं इंधन म्हणजे वाळलेलं गवत. विसावं शतक उजाडताना लंडनात तीन लाखांच्या आसपास घोडे होते असा अंदाज सांगितला जातो. भरलेल्या गाड्या एजवेअर रोडने शहरात उतरत आणि परतताना तबेल्यांतलं शेणखत घेऊन येत. त्या खतावर पुढच्या वर्षीचं गवत उभं राही.

जॉन मिडलटन यांनी १७९८ मध्ये मिडलसेक्सच्या शेतीवर एक विस्तृत अहवाल लिहिला. त्यात गवत वाळवण्याच्या पद्धतीला त्यांनी जी जागा दिली आहे, ती वाचून या कामाचा मान कळतो. पहिल्या दिवशी कापलेलं गवत पसरायचं, उलटायचं, आणि दव पडण्यापूर्वी त्याचे लहान ढीग करायचे. दुसऱ्या दिवशी ढीग मोडून पुन्हा ऊन द्यायचं, संध्याकाळी थोडे मोठे ढीग. तिसऱ्या दिवशी त्याहून मोठे. मग गंजी. पाऊस आणि दव चुकवून गवताचा हिरवा रंग राखायचा, ही सगळी कसरत त्यासाठी. या कामाला दर उन्हाळ्यात आयर्लंडहून मजुरांच्या टोळ्या येत. त्यांच्या श्रमाला बिअरची जोड असे. इंग्लंडच्या शेतीत सुगीच्या दिवसांत मजुरीचा काही भाग बिअर किंवा सायडरच्या रूपात देण्याची रीत जुनी होती. १८८७ च्या कायद्याने शेतमजुरांना दारूत मजुरी देणं बंद झालं.

दुधाची गोष्टही तशीच. १८६५ च्या सुमारास गुरांच्या साथीत लंडन शहरातले गोठे ओस पडले आणि रेल्वेने येणाऱ्या दुधाला एकदम भाव आला. जॉर्ज बॅरम यांनी १८६४ मध्येच काढलेली कंपनी, पुढची एक्सप्रेस डेअरी, या लाटेवर वाढली. तिचं नमुनेदार कॉलेज फार्म १८८३ मध्ये एजवेअरपासून काही मैलांवरच्या फिंचलीत उभं राहिलं. सकाळचं दूध सकाळीच खपत असेल, तर त्याचं चीज कोण कशाला करील? चेडरचं चीज झालं, स्टिल्टनचं झालं. स्टिल्टन हे तर उत्तरेच्या हमरस्त्यावरचं खाणावळींचं गाव, प्रवाशांना चीज विकून नावारूपाला आलेलं. एजवेअरही हमरस्त्यावरचंच, सरायाही होत्या. पण उत्तरेहून येणाऱ्याला लंडन हाकेच्या अंतरावर दिसू लागायचं आणि लंडनहून निघणारा तर नुकताच घरून निघालेला असायचा. मिडलसेक्सच्या नावाचं चीज आज कुठल्या दुकानात मागून मिळत नाही, त्याचं कारण या अंतरात आहे.

मग घोडे गेले. लंडन जनरल कंपनीची शेवटची घोड्याची बस २५ ऑक्टोबर १९११ रोजी धावली. गवताची मागणी आटत गेली. व्हाइटचॅपलचा जुना गवतबाजार १९२८ मध्ये बंद झाला. एजवेअरला १८६७ पासून आगगाडी होती, पण गाव बदललं ते १८ ऑगस्ट १९२४ रोजी भुयारी रेल्वेचा फाटा इथे येऊन संपला तेव्हा. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत गवताच्या रानांवर जोडघरांच्या रांगा उभ्या राहिल्या.

त्या घरांत राहायला आलेल्यांत ज्यू कुटुंबं बरीच होती. पूर्व लंडनच्या दाटीतून निघून गोल्डर्स ग्रीन, हेन्डन आणि पुढे एजवेअर, अशी रेल्वेच्या मार्गानेच ती सरकत आली. त्यांच्याबरोबर आला पोलंड, लिथुआनिया, रशियाकडचा स्वयंपाक, आणि तो बहुतेक सगळा बेगमीचा. मिठाच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवलेलं गोमांस. खारवलेले हेरिंग मासे. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मंद आचेवर ठेवून शनिवारी उघडायची चोलन्टची हंडी, कारण शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही. आधी पाण्यात उकळून मग भाजलेला बेगल. या लोकांनी लंडनला स्वतःचा एक पदार्थही दिला. पूर्व युरोपातून आलेल्या धुरीवाल्यांनी आधी बाल्टिकहून खारवलेला सामन मासा मागवला, मग स्कॉटलंडचा ताजा सामन हाताशी आहे हे उमगल्यावर त्याला हलकं मीठ आणि हलकी धुरी देण्याची पद्धत बसवली. या पद्धतीच्या ‘लंडन क्युअर’ या नावाला २०१७ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. राजधानीच्या नावाची ही ओळख निर्वासितांच्या हातांनी घडली, याची नोंद इंग्लंडच्या खाद्यइतिहासात ठळक अक्षरांत व्हायला हवी.

१९६८ च्या सुमारास केनियातून आणि १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकलल्यावर युगांडातून भारतीय कुटुंबं ब्रिटनमध्ये आली. युगांडातून आलेल्यांची संख्या २८ हजारांच्या आसपास होती. त्यातली पुष्कळशी गुजराती मंडळी वेम्बली, किंग्जबरी, क्वीन्सबरी, हॅरो या भागांत, म्हणजे एजवेअरच्या शेजारीच, स्थिरावली. किराणा मालाची दुकानं उघडली. गुजराती डाळीलाही आमसूल लागतं, त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचं कोकम या भागात गुजराती दुकानदारांच्या फळीवर येऊन बसलं. याच भागात राहणाऱ्या मराठी गृहिणींना ते तिथे सापडलं, ही शेजारधर्माची मोठी देणगीच.

कोकण हा मराठी मुलखातला गॅस्कनी म्हणता येईल असा प्रदेश आहे. पावसाळ्यात समुद्र बंद, मचवे किनाऱ्यावर ओढलेले. किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटीही पावसाळ्यात थांबत, आणि कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती थेट १९९८ मध्ये. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात घराघरांच्या अंगणात पावसाळ्याची तयारी चाले. रातांब्याची सालं मीठ घालून त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायची, की झाली आमसुलं. आंब्याचा रस ताटात थापून आंबापोळी, फणसाची फणसपोळी, कुळीथ भाजून दळलेली पिठी, मिठात मुरवलेल्या कैऱ्या, पोह्याचे मिरगुंड, सुकट, सोडे. वर्सोवा, उत्तन, अर्नाळा, सातपाटीच्या किनाऱ्यांवर बांबूच्या मांडवांवर दोऱ्या ताणून बोंबील वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. हे सगळं गिरणगावातल्या चाकरमान्याच्या गाठोड्यातून आधी मुंबईला गेलं. एकदा लालबाग-परळपर्यंतचा प्रवास साधला की पुढचा प्रवास फक्त लांबीचा होता. लंडनला निघालेल्या डॉक्टरच्या बॅगेत आईने ठेवलेली मेतकुटाची पुडी ही त्याच परंपरेतली.

या मालाला वाटेत अडथळेही आले. सुका बोंबील ब्रिटनमध्ये ‘बॉम्बे डक’ या नावाने इंग्रजी राजवटीपासून ठाऊक. करीबरोबर भाजून कुस्करून घालण्याची तिथे पद्धत. १९९० च्या दशकात युरोपीय आयोगाने फक्त मान्यताप्राप्त कारखान्यांत प्रक्रिया केलेलेच मासे आयात होतील असं ठरवलं आणि उन्हात वाळलेला बोंबील बंद झाला. त्याआधी ब्रिटनमध्ये वर्षाला १३ टनांहून अधिक बोंबील खपत असे. तो परत यावा म्हणून इंग्लंडमध्ये लोकांनी रीतसर मोहीम चालवली. अखेर मासा पूर्वीसारखाच उघड्यावर वाळवावा, पण पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणी व्हावं, अशी तडजोड निघून तो परतला. कोळणींच्या कामाची पद्धत त्या निर्णयाने शाबूत राहिली, हे फार महत्त्वाचं.

हापूसचं दुखणं वेगळं. तो ताजा जातो, म्हणून नाजूक. २०१३ मध्ये भारतातून आलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारखी कीड आढळली आणि १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आंब्यासह अळू, कारली, वांगी आणि पडवळ यांची भारतातून होणारी आयात रोखली. ऐन हंगामात पेट्या थांबल्या, अळूवड्याही थांबल्या. त्यानंतर वाशीसारख्या केंद्रांवर गरम पाण्याच्या प्रक्रियेची व्यवस्था झाली: ४८ अंश तापमानाच्या पाण्यात आंबा तासभर ठेवायचा, म्हणजे माशीची अंडी मरतात. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. पुढे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये आणि कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रोकफोरला जे १९२५ मध्ये लाभलं, ते कोकणाला नव्वदेक वर्षांनी.

एजवेअर रोडच्या पश्चिमेला, डॉलिस हिल लेनवर, महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू आहे. मंडळ १९३२ चं. २०३२ मध्ये ते शंभरीत पोचेल. साठ-सत्तरच्या दशकांत आलेले मराठी डॉक्टर, परिचारिका आणि अभियंते आज ऐंशीच्या घरात आहेत. एजवेअर, हॅरो, वेम्बलीच्या मराठी घरांतल्या पुढच्या पिढीने त्यांच्याजवळ बसून विचारावं: पहिल्या हिवाळ्यात बॅगेत काय होतं, कोणत्या गावचं होतं, कोणी करून दिलं होतं, संपल्यावर कोणत्या दुकानात काय मिळालं, आणि मिळालं नाही तेव्हा आमटीत काय घातलं. उत्तरं गावाच्या नावासकट आणि सालासकट वहीत उतरवून मंडळाच्या ग्रंथालयाकडे द्यावीत. हे काम शताब्दीच्या वर्षापर्यंत थांबवू नये.